मोनोक्लोनल अँटीबॉडीने टिश्यू स्टेन करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयएचसीच्या (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटीबॉडी वापरून टिश्यूतलं ठरावीक प्रोटीन रंगवून दाखवायची टेस्ट) बेंचवर नवीन आलेले टेक्निशियन, पॅथॉलॉजीला नुकतेच लागलेले रेसिडेंट, आणि कधी कधी रिपोर्ट हातात घेऊन आलेले नातेवाईक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढलेत. जे जास्त वेळा विचारलं जातं आणि जिथे जास्त चुका होतात ते सविस्तर आहे, बाकीचं थोडक्यात.

मोनोक्लोनल म्हणजे नक्की काय? पॉलिक्लोनलपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

प्राण्याला एखादं अँटिजेन (अंगाला परकं वाटणारा पदार्थ, बहुतेक प्रोटीन) टोचलं की त्याच्या अंगात एकाच वेळी बऱ्याच बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या होतात आणि प्रत्येकीची अँटीबॉडी त्या अँटिजेनचा वेगवेगळा तुकडा पकडते, त्या तुकड्याला एपिटोप म्हणतात. त्या प्राण्याचं सीरम काढून शुद्ध केलं की मिळते ती पॉलिक्लोनल, म्हणजे मिश्रण. मोनोक्लोनल मात्र एकाच बी पेशीच्या वंशातून येते, त्यामुळे बाटलीतला प्रत्येक रेणू अगदी सारखा आणि सगळे मिळून एकच एपिटोप धरणार. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची अँटीबॉडी बनवणारी पेशी आणि मायलोमा या कॅन्सरची न मरणारी पेशी जोडून हायब्रिडोमा तयार केला आणि तेव्हापासून एकच अँटीबॉडी वर्षानुवर्षं हवी तेवढी बनवता यायला लागली. १९८४ चं नोबेल त्या दोघांना नील्स येर्ने यांच्यासोबत मिळालं.

फायदा सरळ आहे, लॉट (बनवलेली खेप) बदलला तरी अँटीबॉडी तीच राहते आणि बॅकग्राउंड (नको तिथे आलेला रंग) सहसा कमी येतं. तोटा पण त्याच गोष्टीत दडलेला आहे, तो एकुलता एक एपिटोप फॉर्मलिनमध्ये झाकला गेला तर अँटीबॉडीला धरायला दुसरं काहीच उरत नाही, पॉलिक्लोनलला निदान दुसरीकडे कुठेतरी हात घालता येतो. म्हणून एस१०० सारख्या काही मार्करसाठी (ज्या प्रोटीनवरून पेशी ओळखतात ते) बऱ्याच लॅबमध्ये अजूनही पॉलिक्लोनलच चालते, त्यात जुनाट किंवा कमी दर्जाचं असं काही नाही.

उंदराच्या जोडीला आता सशाच्या मोनोक्लोनल पण भरपूर मिळतात, त्यांची पकड बरेचदा जास्त घट्ट असते. ईआरसाठीचा (इस्ट्रोजेन रिसेप्टर) एसपी१ हा क्लोन (म्हणजे एकाच बी पेशीच्या वंशातून आलेली ठरावीक अँटीबॉडी) सशाचाच आहे.

रिपोर्टमध्ये किंवा रजिस्टरमध्ये क्लोनचं नाव लिहायचा एवढा आग्रह का?

कारण "टीटीएफ-१ पॉझिटिव्ह" एवढ्याने काम भागत नाही. टीटीएफ-१ हा बहुतेक फुफ्फुसाकडे बोट दाखवणारा मार्कर, त्याचा ८जी७जी३/१ हा क्लोन जास्त नेमका आहे, एसपीटी२४ जास्त संवेदनशील आहे म्हणजे फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा तो जास्त पकडतो, पण तोच कधी कधी दुसरीकडच्या ट्यूमरमध्येही पॉझिटिव्ह येतो. आता मोठ्या आतड्याच्या ट्यूमरमध्ये टीटीएफ-१ दिसला आणि क्लोन कोणता ते माहीतच नसेल तर वाचणारा विनाकारण फुफ्फुसात मूळ ट्यूमर शोधत बसेल. पीडी-एल१ (इम्युनोथेरपी द्यायची का हे ठरवायला बघतात तो मार्कर) मध्ये तर २२सी३, २८-८, एसपी२६३ आणि एसपी१४२ असे चार क्लोन वेगवेगळ्या औषधांच्या सोबतीने आले, आणि एसपी१४२ ट्यूमर पेशी बाकीच्यांपेक्षा कमी रंगवतो, म्हणजे तोच पेशंट, तोच ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) आणि क्लोन बदलला की आकडा बदलला.

केआय-६७ (वाढत्या पेशी दाखवणारा मार्कर) ची गोष्ट मी नवीन मुलांना नेहमी सांगतो. हे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आणि लॅबच्या प्लेटमधल्या खळग्याच्या (वेलच्या) नंबरवरून पडलं. मूळ अँटीबॉडी फक्त फ्रोझन सेक्शनवर (गोठवून कापलेल्या पातळ कापावर) चालायची, पॅराफिनवर (मेणात बसवून कापलेल्या सेक्शनवर) काही दिसायचं नाही. पुढे एमआयबी-१ हा क्लोन आला तो पॅराफिनवर चालला आणि मग कुठे केआय-६७ रोजच्या रिपोर्टमध्ये आला. प्रोटीन तेच आहे, फरक पडला तो नवीन क्लोनने.

स्टेनिंग आलंच नाही. अँटीबॉडी खराब झाली असेल का?

असेल, पण तो संशय शेवटी घ्यायचा. आधी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला टिश्यू) बघा. कंट्रोल छान आलाय आणि पेशंटचं सेक्शन कोरं आहे तर अँटीबॉडी, डॅब (तपकिरी रंग देणारं रसायन), मशीन सगळं ठीक आहे, गडबड असलीच तर पेशंटच्या टिश्यूत आहे किंवा तो खरंच निगेटिव्ह आहे. कंट्रोल पण कोरा आला तर मग साखळीत मागे मागे जायचं, प्रायमरी (मार्करला धरणारी पहिली अँटीबॉडी) टाकली का, डिटेक्शन किट (त्या अँटीबॉडीला रंगाशी जोडणारं) संपलेलं नाही ना, डॅब ताजा होता का, बफरचा पीएच बरोबर होता का. एक साधी गोष्ट सगळे विसरतात, सोडियम अझाइड. बऱ्याच अँटीबॉडीच्या बाटल्यांमध्ये ते टिकवण्यासाठी थोडंसं असतं ते ठीक, पण धुण्याच्या बफरमध्ये कोणी अझाइड घातलं तर पेरॉक्सिडेज (डॅबचा रंग आणणारं एन्झाइम) मरतं आणि सगळ्या रॅकवर काहीच येत नाही.

माझ्या अनुभवात मात्र निम्म्याहून जास्त भांडणं अँटीबॉडी उघडायच्या आधीच हरलेली असतात, आणि त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

फिक्सेशन (टिश्यू फॉर्मलिनमध्ये टिकवून ठेवणं) किती तास? आणि त्याने खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि या एका मुद्द्यावर मी कोणाशीही कितीही वेळ बोलायला तयार आहे.

ब्रेस्टसाठी ठरलेलं आहे ते असं: टिश्यू शरीरातून निघाल्यापासून तासाभराच्या आत १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, आणि त्यात कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. फॉर्मलिन टिश्यूत साधारण तासाला एक मिलिमीटर या वेगाने शिरतं, म्हणजे अख्खी ब्रेस्ट न कापता डब्यात टाकून ठेवली तर बाहेरचा थर फिक्स होतो आणि आतला ट्यूमर रात्रभर नुसता कुजत राहतो. मग सकाळी ग्रॉसिंगला (नमुना कापून तुकडे निवडायला) घेतात, कॅसेटमध्ये घालतात आणि प्रोसेसरमधल्या अल्कोहोलने तो अर्धवट फिक्स होतो, आणि असं सेक्शन कडेला वेगळं आणि मधे वेगळं स्टेन होतं. नमुना आला की लगेच काप देऊन ठेवणं, डब्यात टिश्यूच्या निदान दहापट फॉर्मलिन असणं, आणि काढल्याची वेळ नि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहिणं, एवढ्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही.

एक केस मला विसरता येत नाही. बाहेरून आलेला ब्लॉक, ब्रेस्ट कार्सिनोमा, ईआर पूर्ण निगेटिव्ह आला. ट्यूमर बघून तसं वाटत नव्हतं, लो ग्रेड, ट्यूब्यूल बनवणारा. मग शेजारच्या नॉर्मल डक्ट बघितल्या, त्या पण कोऱ्या. नॉर्मल डक्टमध्ये थोड्या पेशी तरी ईआर पॉझिटिव्ह असायलाच हव्यात, त्या नाहीत म्हणजे हा निगेटिव्ह खरा नाहीच. चौकशी केली तर नमुना बराच वेळ सलाइनमध्ये पडून होता असं कळलं. सुदैवाने त्याच पेशंटची आधीची कोअर बायोप्सी शिल्लक होती, ती नीट फिक्स झालेली होती, तिच्यावर ईआर जोरदार पॉझिटिव्ह आला. त्या बाईंना हॉर्मोनला रोखणारी गोळी मिळणार की नाही हे त्या डब्यात काय ओतलं होतं त्यावर ठरलं असतं.

मग रिट्रिव्हल (झाकलेले एपिटोप परत उघडणं) कशाला करतात?

फॉर्मलिन प्रोटीनमध्ये आडवे पूल बांधतं, त्याने टिश्यू टिकतो पण एपिटोप झाकले जातात. १९९१ मध्ये असं दाखवलं गेलं की सेक्शन द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये उकळवलं तर बरेचसे एपिटोप परत उघडतात, आणि त्यानंतर पॅराफिनवर चालणाऱ्या अँटीबॉडींची यादी एकदम वाढली. आता साधारण दोन बफर चालतात, सायट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९, तापमान ९५ ते १०० अंश, वेळ २० ते ३० मिनिटं, प्रेशर कुकर असेल तर कमी. कुठल्या क्लोनला कोणता बफर ते डेटाशीटवर बघा पण तिथेच थांबू नका, आपल्या टिश्यूवर दोन्ही करून बघा. काही अँटीबॉडींना उष्णता नको असते, त्यांना प्रोटिनेज के सारखं एन्झाइम लागतं, आणि एन्झाइम दोन मिनिटं जास्त राहिलं तर सेक्शनची चाळण होते.

उकळून झाल्यावर लगेच थंड पाण्याखाली धरू नका, त्याच बफरमध्ये वीसेक मिनिटं निवू द्या. आणि स्लाइड चार्ज्ड (सेक्शन धरून ठेवणाऱ्या) हव्यात, साध्या काचेवरून सेक्शन सुटून भांड्याच्या तळाला जातं.

डायल्युशन कंपनीने सांगितलंय तेच वापरायचं ना?

सुरुवात तिथून करा. कॉन्सन्ट्रेट असेल तर सांगितलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना जायचं, समजा १:१०० सांगितलंय तर १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० अशा स्लाइड एकाच कंट्रोल टिश्यूवर लावा. जिथे खरं स्टेनिंग ठसठशीत आहे आणि मागची जमीन स्वच्छ आहे ते आपलं डायल्युशन. सगळ्यात गडद स्लाइड ती सगळ्यात चांगली असं समजू नका, गडद स्लाइडमध्ये सगळंच पॉझिटिव्ह दिसायला लागतं. कंट्रोल पण असा घ्या ज्यात कमी प्रमाण असलेल्या पेशी आहेत, नुसता जोरदार पॉझिटिव्ह ट्यूमर कंट्रोल म्हणून ठेवला तर अँटीबॉडी अर्धी कमजोर झाली तरी तो पॉझिटिव्हच येत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. सीडी२० (बी पेशींचा मार्कर) साठी टॉन्सिल, ईआरसाठी सर्व्हिक्स (गर्भाशयाचं तोंड), अशी नेहमीची टिश्यू ब्लॉकमध्ये जमवून ठेवा आणि शक्य असेल तर पेशंटच्याच स्लाइडवर टोकाला कंट्रोलचा तुकडा घ्या, म्हणजे दोन्हींवर नक्की तेच थेंब पडलेत याची खात्री राहते.

बॅकग्राउंड सगळीकडे तपकिरी येतंय. काय करू?

कुठे येतंय ते आधी बघा. लाल पेशी आणि न्यूट्रोफिलमध्ये स्वतःचं पेरॉक्सिडेज किंवा त्याच्यासारखं काम करणारं काहीतरी असतं, त्यासाठी ३% हायड्रोजन पेरॉक्साइडचा ब्लॉक असतो, तो जुना असेल तर उपयोग नाही. लिव्हर आणि किडनीत स्वतःचं बायोटिन भरपूर असतं, जुन्या स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-बायोटिन पद्धतीत तिथे दाणेदार खोटं स्टेनिंग यायचं, आता पॉलिमर पद्धत आल्यापासून ती डोकेदुखी गेली. फक्त कडेला येत असेल तर मधेच कधीतरी स्लाइड सुकलेली आहे, ओलसर डबा वापरा. नेक्रोसिसमध्ये (मेलेल्या टिश्यूत) आणि चिरडलेल्या भागात जे काही दिसेल ते मोजायचंच नाही, तिथे सगळंच चिकटतं. आणि पूर्ण स्लाइडवर सारखंच फिकट तपकिरी असेल तर अँटीबॉडीचं प्रमाण जास्त आहे किंवा धुणं कमी पडलंय.

निगेटिव्ह कंट्रोलची स्लाइड, म्हणजे प्रायमरीच्या जागी त्याच जातीची आणि त्याच प्रमाणातली कामाची नसलेली अँटीबॉडी, ती लावली की हे खरं का खोटं पटकन कळतं. नुसता बफर टाकणं म्हणजे अर्धंच उत्तर.

तपकिरी दिसलं म्हणजे पॉझिटिव्ह, बरोबर?

नाही. पेशीत नक्की कुठे तपकिरी दिसलं ते सांगा आधी. ईआर, पीआर, केआय-६७, पी६३, टीटीएफ-१ हे न्यूक्लियसमध्ये यायला हवेत. सीडी२०, सीडी४५, हर-२ मेम्ब्रेनवर. सायटोकेरॅटिन सायटोप्लाझममध्ये. टीटीएफ-१ चा ८जी७जी३/१ क्लोन लिव्हरच्या पेशींच्या सायटोप्लाझममध्ये दाणेदार येतो, ते फुफ्फुस नाही. सीके२० मर्केल सेल कार्सिनोमात न्यूक्लियसच्या शेजारी ठिपक्यासारखा येतो आणि तिथे तो ठिपकाच निदानाला मदत करतो. शिवाय तपकिरी कुठल्या पेशीत आलंय, ट्यूमरमध्ये की मधे अडकलेल्या लिम्फोसाइट आणि नॉर्मल ग्रंथींमध्ये, हे एचअँडई (नेहमीची गुलाबी-निळी स्लाइड) शेजारी ठेवल्याशिवाय सांगू नका.

हिमॅटॉक्सिलिन जास्त वेळ ठेवलं तर निळ्या न्यूक्लियसमध्ये फिकट तपकिरी बुडून जातं, ईआर १ ते १०% वाल्या केस अशाच हुकतात.

एका अँटीबॉडीवर निदान का देत नाहीत? पॅनल (एकत्र बऱ्याच अँटीबॉडी) लावायला वेळ आणि टिश्यू दोन्ही जातात.

एकही अँटीबॉडी शंभर टक्के एकाच ट्यूमरची नसते. नुसत्या गोल पेशींचा अनोळखी ट्यूमर आला तर सीडी४५ लिम्फोमासाठी, एई१/एई३ कार्सिनोमासाठी, एस१०० किंवा सॉक्स१० मेलानोमासाठी, असं पहिलं जाळं टाकायचं आणि मग जे लागलं त्या दिशेने दुसरी फेरी. एखादा पॉझिटिव्ह यावा आणि त्याच वेळी दुसरा निगेटिव्ह यावा, दोन्ही मिळून उत्तर बनतं. टिश्यू कमी असेल, फुफ्फुसाच्या छोट्या बायोप्सीत तर असतोच, तेव्हा टीटीएफ-१ आणि पी४० (स्क्वॅमस कार्सिनोमाचा मार्कर) एवढ्या दोनवर थांबा आणि बाकीचा टिश्यू मॉलिक्युलर टेस्टसाठी वाचवा. ब्लॉक सतत काढून पुन्हा फेस करण्यात (पृष्ठभाग सपाट कापण्यात) बरंच वाया जातं, म्हणून पहिल्यांदाच थोडी जास्तीची सेक्शनं कापून ठेवलेली बरी.

निगेटिव्ह येणं हेच उत्तर असतं असं कुठे होतं?

दोन ठिकाणी रोज. प्रोस्टेटमध्ये पी६३ आणि हाय मॉलिक्युलर वेट केरॅटिन बेसल पेशी रंगवतात, त्या संशयित ग्रंथींभोवती नाहीतच आणि शेजारच्या नॉर्मल ग्रंथींभोवती आहेत, तर कार्सिनोमाकडे झुकतं. आणि एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या मिसमॅच रिपेअर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रोटीनमध्ये ट्यूमरच्या न्यूक्लियसमधून प्रोटीन गायब होणं हाच शोध असतो, बहुतेक जोडीने जातात, एमएलएच१ सोबत पीएमएस२ आणि एमएसएच२ सोबत एमएसएच६. इथे ट्यूमरमधले लिम्फोसाइट आणि स्ट्रोमाच्या पेशी पॉझिटिव्ह दिसल्याच पाहिजेत. त्या पण कोऱ्या असतील तर "लॉस" लिहायचं नाही, टेस्ट परत करायची, कारण या एका शब्दावर आनुवंशिक कॅन्सरच्या संशयाने अख्ख्या कुटुंबाची तपासणी सुरू होऊ शकते.

रिपोर्टमध्ये हर-२ "२+" लिहिलंय, म्हणजे आहे की नाही?

हा प्रश्न बहुतेक नातेवाईकांचा असतो आणि त्यांची घालमेल समजते. हर-२ हे पेशीच्या मेम्ब्रेनवरचं प्रोटीन, ते जास्त असेल तर त्यालाच धरणारी औषधं देता येतात; २+ म्हणजे या टेस्टवर नक्की सांगता येत नाही. ३+ म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा जास्त ट्यूमर पेशींच्या मेम्ब्रेनवर पूर्ण गोल, गडद स्टेनिंग, ते पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ ला जीनच्या प्रती मोजणारी एफआयएसएच (फिश) किंवा तशीच दुसरी टेस्ट लागते, लॅबची चूक झाली म्हणून नाही तर प्रोटीनचं प्रमाणच मधल्या पट्ट्यात आहे म्हणून. आता काही नवीन औषधांमुळे ० आणि १+ मधला फरक पण महत्त्वाचा झालाय, त्यामुळे तो आकडा रिपोर्टवर लिहिलेला असायला हवा.

पूर्वी सीडी२० पॉझिटिव्ह होता, आता लिम्फोमा परत आलाय आणि सीडी२० निगेटिव्ह आहे. स्लाइड बदलली का?

आधी विचारा, मधे रिटुक्सिमॅब दिलं होतं का. ते औषध सीडी२० लाच धरतं, त्यानंतर पेशी सीडी२० दाखवेनाशा होऊ शकतात. पॅक्स५ आणि सीडी७९ए (बी पेशींचेच दुसरे मार्कर) लावा. रिक्वेस्ट फॉर्मवर आधीच्या उपचारांचा रकाना रिकामा ठेवू नका अशी क्लिनिशियन मंडळींना हात जोडून विनंती.

मेलॅनिनने काळा झालेला ट्यूमर आहे, तपकिरी ओळखायचं कसं?

लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) वापरा. एईसी हा त्यातलाच एक घेतला तर तो अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून पाण्यावर चालणारा माउंटंट (वरची काच चिकटवायचं द्रव्य) लावा.

हाडाची बायोप्सी आहे, डीकॅल्सिफाय करून (हाडातलं कॅल्शियम काढून) चालेल?

ईडीटीएमध्ये करा, वेळ लागतो पण अँटिजेन वाचतात. कडक ॲसिडमध्ये केलं असेल तर ते रिपोर्टमध्ये लिहा, विशेषतः ईआर किंवा हर-२ निगेटिव्ह येत असेल तर.

बाटली कशी ठेवायची, आणि एक्स्पायरी उलटली तर?

२ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात नको कारण तिथे तापमान सारखं वरखाली होतं. रेडी-टू-यूज कधीच गोठवू नका. कॉन्सन्ट्रेट गोठवायची परवानगी डेटाशीटवर असेल तर लहान लहान भाग करून एकदाच गोठवा, परत परत वितळवून गोठवलं की अँटीबॉडी मरते. तारीख उलटलेली बाटली पेशंटच्या स्लाइडवर नाही, शिकायला आणि ट्रायलला वापरा.

नवीन अँटीबॉडी आणली, लगेच रिपोर्टिंगला घेऊ का?

नको. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात साध्या मार्करसाठी निदान १० पॉझिटिव्ह आणि १० निगेटिव्ह केस, आणि ज्यावर औषध ठरतं त्या मार्करसाठी २० आणि २० केस सांगितल्या होत्या, आधीच्या उत्तराशी ९०% जुळणी हवी. एवढे ब्लॉक छोट्या लॅबमध्ये पटकन जमत नाहीत हे खरं आहे, पण दुसऱ्या लॅबकडून मागून घेता येतात आणि लोक देतात. क्लोन तोच आणि फक्त नवीन लॉट असेल तर जुन्या लॉटशेजारी निदान एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह ठेवून बघा. मशीन बदललं, रिट्रिव्हल बदललं, फिक्सेटिव्ह बदललं तरी परत तपासणी लागते.

दुसऱ्या लॅबला पाठवायचंय, ब्लॉक पाठवू की स्लाइड?

शक्य असेल तर ब्लॉक. कापलेल्या सेक्शनवर हवा आणि उष्णतेने अँटिजेन हळूहळू कमी होतात, ईआर आणि हर-२ साठी तर सहा आठवड्यांपेक्षा जुनी सेक्शनं वापरूच नयेत. ब्लॉक देता येत नसेल तर ३ ते ४ मायक्रॉनची ताजी सेक्शनं चार्ज्ड स्लाइडवर, न भाजता, कापल्याची तारीख पेन्सिलने लिहून, आणि सोबत एचअँडई. फिक्सेशन किती तास झालं ते माहीत असेल तर चिठ्ठीवर लिहा, आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहा, अंदाजाने "२४ तास" लिहू नका.